ओढणे निराळे, पेलणे निराळे

सोयाबीनच्या हंगामात सेनगावहून हिंगोलीकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागे कधी आपल्या सायकलवरून किंवा एसटीतून जाऊन पाहा. दोन चाकांची ट्रॉली असेल तर पोत्यांच्या थप्पीकडे लक्ष द्या. ती कोठे पुढे दाबलेली असते, तर कोठे मागे रेललेली. चार चाकांची ट्रॉली असेल तर तिच्या पुढच्या आसाकडे पाहा. तो आस एका आडव्या लोखंडी कड्यावर फिरत असतो. या दोन गोष्टींत आजच्या लेखाचा बराचसा विषय आला.

प्रथम एक आठवण सांगतो. मी शाळेत होतो तेव्हाची. आमच्या एका नातलगांनी नवा ट्रॅक्टर घेतला होता. पहिल्याच हंगामात पोती भरण्यासाठी घरचे सगळे जमले. घरातल्या म्हाताऱ्या आबांनी सारे आयुष्य बैलगाडी हाकली होती. ते बाजेवर बसून सांगत होते, "बापू, माल पुढं घे. गाडी उलार झाली तर बैलाला फास बसंल."

बापू हसला. "आबा, आता बैल कुठायत?"

तरीही त्याने आबांचे ऐकले आणि पोती पुढच्या अंगाला दाबून भरली. वाटेत एक ओढा लागत असे. ओढ्यातून वर चढताना ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाके जमिनीपासून वीतभर उचलली गेली. मी तेव्हा मडगार्डवर बसलो होतो. बापूने क्लच दाबला आणि चाके धाडकन खाली आली. पुढे कोणी काही बोलले नाही. पण आबांचा सल्ला चुकला की बरोबर होता, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्याचे उत्तर मला कॉलेजात तरफेचा धडा शिकवू लागल्यावर मिळाले. आबा बैलगाडीपुरते अगदी बरोबर होते.

दोन चाकांची गाडी ही पहिल्या प्रकारची तरफ असते. आस हा टेकू. आसाच्या मागे जास्त माल गेला की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातली पट्टी त्यांचा गळा आवळते. हीच गाडी उलार होणे. म्हणून गाडीवान थोडा भार जुवावर ठेवतो. पण फार ठेवला तर बैलाची मान खचते. गाडीवर भरलेल्या मालापैकी फार थोडा हिस्सा बैल मानेवर पेलतात. बाकीचा आसातून जमिनीवर जातो आणि बैलांनी तो फक्त ओढायचा असतो. बैलजोडी जेवढे ओढते तेवढे तिच्या पाठीवर लादले तर ती बसेल. ओढणे आणि पेलणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हे गाडीवानाला न शिकवता ठाऊक होते. इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा पाहून वाहन घेणारे आपण ते विसरतो.

आता बापूच्या ट्रॅक्टरचा हिशेब मांडू. आकडे गोल घेतले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. ट्रॅक्टरचे वजन २००० किलोग्रॅम. त्यापैकी ८०० पुढच्या चाकांवर, १२०० मागच्या. दोन्ही आसांमधले अंतर २ मीटर. ट्रॉली जोडण्याची खीळ मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे. मालासकट ट्रॉलीचे वजन ५००० किलोग्रॅम आणि तिच्या खिळीपासून आसापर्यंतचे अंतर ३ मीटर.

खिळीवर किती भार येईल? मालासकट ट्रॉलीचा गुरुत्वमध्य आसाच्या जितका पुढे, तितका जास्त. समजा तो ६० सेंटिमीटर पुढे आहे. मग भार ५००० × ०.६ ÷ ३ म्हणजे १००० किलोग्रॅम. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा! गुरुत्वमध्य नुसता ३० सेंटिमीटर मागे सरकवला तर हाच भार ५०० होतो. पोत्यांची एखादी ओळ इकडची तिकडे केली की एवढा फरक पडतो.

हे १००० किलोग्रॅम ट्रॅक्टरच्या मागच्या आसामागे लोंबत आहेत. आता मागचा आस टेकू झाला. मागे ०.६ मीटरवर १००० किलोग्रॅम, पुढे २ मीटरवर पुढची चाके. १००० × ०.६ ÷ २ = ३००. पुढच्या चाकांवरचे ३०० किलोग्रॅम कमी झाले, उरले ५००. मागच्या चाकांवर १२०० + १००० + ३०० म्हणजे २५०० आले. बैलगाडीत जुवाचा भार बैलाच्या मानेवर सरळ उतरतो; ट्रॅक्टरमध्ये तो मागे पडतो आणि पुढचे टोक उचलतो. आबांचा सल्ला इथे उलटा पडला तो यामुळे.

सपाट रस्त्यावर ५०० किलोग्रॅम पुरेसे आहेत. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान २० टक्के भार राहावा, असा एक प्रचलित दंडक आहे. इथे तो ४०० येतो. पण ओढ्याचा चढ दहास एक असेल तर? ट्रॉली वर ओढायला सुमारे ५०० आणि चाकांच्या घर्षणाला १००, असे ६०० किलोग्रॅम भाराचे बल लागते. हे बल खिळीपाशी, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, ट्रॅक्टरला मागे खेचते. त्याचे परिबल पुढच्या चाकांचे आणखी १५० किलोग्रॅम काढून घेते. ट्रॅक्टर स्वतः तिरपा झाल्याने सुमारे ८० जातात. उरले २७०. (चढावर ट्रॉलीतल्या मालाच्या उंचीमुळे खिळीवरचा भार थोडा कमी होतो, तो बारकावा इथे सोडला आहे. उत्साही विद्यार्थ्यांनी करून पाहावा.) एवढ्यात चालकाने क्लच झटक्याने सोडला, किंवा चाक खड्ड्यात अडकले, तर उरलेले २७० जायला कितीसा वेळ लागणार? चाके उचलली की सुकाणू निकामी. चालकाने क्लच दाबला नाही तर ट्रॅक्टर चालकावर उलटतो, आणि ते एक-दीड सेकंदात घडते. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती मजबूत चौकट बसवणे सक्तीचे केले ते यासाठी.

वरच्या हिशेबात खिळीची उंची अर्धा मीटर धरली. ती एक मीटर धरून पाहा. १५० चे ३०० होतात. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी खालच्या खिळीला न बांधता वर कोठेतरी बांधणारे हेच करत असतात.

"मग चार चाकी ट्रॉली बरी," असे तुम्ही म्हणाल. तिचा सगळा भार तिच्या स्वतःच्या चार चाकांवर असतो. खिळीवर काहीच येत नाही. चढापुरते हे खरे. पण उतारावर पाहा. आपल्याकडच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच असतात. त्या चाकांवर वजन १२००. रस्त्याचा घर्षण गुणांक ०.६ धरला तर ती चाके फार तर ७२० किलोग्रॅम भाराएवढे बल लावू शकतात. ब्रेकचे पेडल कितीही दाबा, त्यापुढे चाक फक्त घसरेल. आणि दहास एक उतारावर ७००० किलोग्रॅमच्या या जोडीला खाली ओढणारे बल किती? ७००!

७०० विरुद्ध ७२०. शिवाय ब्रेक मारताच वजन पुढे झुकते, म्हणजे ७२० सुद्धा पुरे मिळत नाही. चाकांचे थोडे घर्षण मदतीला येते एवढेच. रस्त्यावर वाळू किंवा पावसाचा चिखल असेल तर गुणांक ०.६ कोठला? अशा वेळी मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागते. दोघे सरळ रेषेत असतील तोवर ठीक. पण वळणावर ते ढकलणे तिरपे होते. घसरणाऱ्या चाकांना आडवी पकड उरत नाही आणि ट्रॅक्टर व ट्रॉली अडकित्त्यासारखी मिटतात. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून जाणाऱ्यांना माझा नेहमी एकच प्रश्न असतो: वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, ती खाली गेल्यावर कोठे ठेवणार? उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे वेग मुळात वाढत नाही.

दोन चाकी ट्रॉलीत मागच्या चाकांवर २५०० किलोग्रॅम असल्याने तिला १५०० चे ब्रेकबल मिळू शकते. म्हणजे खिळीवरचा भार पकड देतो पण पुढचे टोक उचलतो. भार काढला तर पुढचे टोक शाबूत, पण पकड गेली. मोठी अडचण!

यातून वाट निघाली ती खिळीची जागा बदलून. खीळ मागच्या आसाच्या मागे न ठेवता नेमकी आसाच्या वर, किंवा किंचित पुढे ठेवली तर? टेकूवरच ठेवलेले ओझे तरफेचे दुसरे टोक उचलत नाही. भार सगळा मागच्या चाकांवर, पकड पुरेपूर, आणि पुढच्या चाकांना धक्का नाही. वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कंटेनरचे लांब ट्रेलर धावतात, त्यांची जोडणी अशीच असते. ट्रकच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी चकती, आणि तिच्या खाचेत अडकणारी ट्रेलरची सुमारे ५० मिलिमीटर जाडीची खीळ. या चकतीला 'फिफ्थ व्हील', पाचवे चाक, म्हणतात. नाव घोडागाडीच्या काळचे. चार चाकी घोडागाडीचा पुढचा आस ज्या आडव्या कड्यावर फिरे, ते कडे म्हणजे पाचवे चाक. लेखाच्या सुरुवातीला चार चाकी ट्रॉलीखाली जे कडे पाहिले ते त्याचेच भावंड. १९१४ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहाऊफ नावाच्या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडायची गाडी बनवली. पुढे त्याच धंद्यातून अर्ध-ट्रेलरचा मोठा कारखाना उभा राहिला.

अमेरिकेत आज लोक अशा पाचव्या चाकावर चक्क घर जोडून हिंडतात. पुढे पिकअप ट्रक, मागे स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर असलेला ट्रेलर. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. त्याने गेल्या वर्षी विचारले, "सर, माझा पिकअप ७००० किलो ओढू शकतो असे विक्रेता म्हणतो. मी ५५०० किलोचे फिरते घर घेऊ ना?"

मी त्याला ट्रकच्या दारावरच्या पट्टीवरील आकडे मागवले. भरलेल्या ट्रकचे कमाल वजन ४५०० आणि रिकामा ट्रक ३२००. म्हणजे त्याच्या पाठीवर १३०० किलोग्रॅमच पेलता येतात. पाचव्या चाकाच्या ट्रेलरचा साधारण १५ ते २५ टक्के भार खिळीवर येतो. २० टक्के धरले तर ११००. चकतीची जोडणी ८०, घरची चार माणसे २८०, सामान ६०. बेरीज १५२०. ओढण्याच्या हिशेबात १५०० किलोग्रॅमची सवड, आणि पेलण्याच्या हिशेबात २२० जास्त! खीळ योग्य जागी असली तरी मागचा आस, टायर आणि स्प्रिंगा एवढे पेलू शकत नाहीत. विक्रेता खोटे बोलला नव्हता. त्याने दोनपैकी एकच आकडा सांगितला होता. विद्यार्थ्याने शेवटी ४००० किलोग्रॅमचे घर घेतले. त्याचा हिशेब तुम्ही करा.

आपल्याकडे वाहनाच्या नोंदणीपुस्तकात मालासकट कमाल वजन लिहिलेले असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे त्यापुढे जाता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. पण एकूण वजन नियमात असूनही खिळीवर चुकीचा भार असू शकतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. तो मोजावा लागतो.

मोजणे अवघड नाही. शिक्षकांनी वर्गात एक फूटपट्टी, पेन्सिल, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दहा नाणी घ्यावीत. पट्टीच्या २० सेंटिमीटरच्या खुणेखाली पेन्सिल (आस) आणि शून्याचे टोक काट्यावर (खीळ) ठेवावे. पेन्सिल काट्याच्या उंचीवर येण्यासाठी तिच्याखाली वह्या ठेवाव्यात. नुसत्या पट्टीचे वजन आधी नोंदवावे. मग नाण्यांची चवड १०, १५, २० आणि २५ सेंटिमीटरवर ठेवून काटा वाचावा. २५ वर काय होते ते पाहून मुलांना आबांचा 'उलार' शब्द सांगावा.

आणि घरी ट्रॅक्टर असेल तर मोंढ्यातल्या वजनकाट्यावर, काट्याची फळी रस्त्याच्या पातळीत असल्याची खात्री करून, तीन पावत्या घ्याव्यात. पहिली नुसत्या ट्रॅक्टरची. दुसरी, भरलेली ट्रॉली जोडलेली असताना फक्त ट्रॅक्टर फळीवर घेऊन. दोन्हींतला फरक म्हणजे खिळीवरचा भार. तिसरी, ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त पुढची चाके फळीवर घेऊन. बापूने अलीकडे हे करून पाहिले. तिसऱ्या पावतीवर ३६० चा आकडा आला. त्याने तिथेच मोंढ्यात पोत्यांच्या दोन ओळी मागे सरकवल्या आणि चौथी पावती घेतली.