हिरवी एफडी: आपले पैसे नक्की जातात कुठे?

तर झालं असं, की आईची एफडी रिन्यू करायला तिच्यासोबत घाटकोपरला बँकेत गेलो होतो. भिंतीवर पोस्टर: कागद वाचवा, पासबुकाऐवजी ॲप वापरा. आणि एसी इतका जोरात, की आईने पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला!

हसू आलं, पण खरं सांगू? शाखेतला कागद आणि एसी हा किरकोळ हिशोब आहे. बँकेचा धंदा म्हणजे आपल्या ठेवी घेऊन कर्ज देणं. ते कर्ज कोळशाच्या प्रकल्पाला गेलं की इलेक्ट्रिक बसला, खरी गोष्ट तिथे ठरते.

यात बँकेचा स्वार्थही आहे बरं का. २६ जुलै २००५ आठवा, किंवा घरच्यांना विचारा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. होम लोन वीस-वीस वर्षांचं असतं. तारण ठेवलेलं तळमजल्याचं घर वारंवार पाण्यात जायला लागलं, तर त्याची किंमत पडते आणि बँकेचे पैसेही अडकतात. म्हणजे कर्ज देतानाच 'इथे पाणी भरतं का?' हे विचारणं म्हणजे समाजसेवा नाही, साधा धंदा आहे.

आता ठेवींकडे येऊ. १ जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेची 'ग्रीन डिपॉझिट'ची चौकट लागू झाली. अशी ठेव घ्यायचीच, अशी बँकांवर सक्ती नाही. पण घेतली, तर तो पैसा सौरऊर्जा, स्वच्छ वाहतूक, पाणी, प्रदूषण नियंत्रण अशा ठरलेल्या कामांतच लावायचा. दारू, तंबाखू, शस्त्रं बाद. पंचवीस मेगावॅटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्पही बाद, हे मला जरा अनपेक्षित होतं.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर सोसायटीची गच्ची. मुलुंड-बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोलर बसवायचं ठरवलं, तर 'पीएम सूर्यघर' योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. उरलेला खर्च एकदम काढणं सगळ्या सोसायट्यांना जमत नाही. तिथे बँकेचं कर्ज लागतं, आणि अशा कर्जामागे हिरव्या ठेवीचा पैसा असू शकतो.

मग व्याज? स्टेट बँकेने जानेवारी २०२४ मध्ये १,१११, १,७७७ आणि २,२२२ दिवसांची हिरवी ठेव आणली, तेव्हा दर नेहमीपेक्षा ०.१० टक्का कमी होता. म्हणजे लाखामागे वर्षाला साधारण शंभर रुपये.

हे ऐकून आई म्हणाली, "शंभर रुपये गेले तर गेले रे, पण पैसे तिथेच लावले हे मला कोण सांगणार?"

बरोब्बर मुद्दा! नियमाप्रमाणे पैसा कुठे लागला याची दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि तो अहवाल बँकेच्या वेबसाइटवर टाकावा लागतो. आता आई रोज विचारतेय, "तो अहवाल शोधलास का?"