होस्टच्या पोटातला स्विच

लिनक्सवर केव्हीएम बसवलं, व्हर्च्युअल मशीन उभं केलं, आतून इंटरनेटही चालू झालं. पण शेजारच्या लॅपटॉपवरून त्या व्हीएमला पिंग केलं, तर उत्तर नाही. मग कोणीतरी सांगतं, 'ब्रिज कर.' सल्ला बरोबरच असतो, पण तो ऐकून जे केलं जातं, त्यात गैरसमजांचा भरणा फार.

'व्हर्बीआर-झिरो दिसतोय, म्हणजे ब्रिज आहेच की!' हा पहिला. लिबव्हर्ट आपणहून तयार करतं तो व्हर्बीआर-झिरो ब्रिजच आहे, यात वाद नाही. पण होस्टचं खरं नेटवर्क कार्ड त्याला जोडलेलं नसतं. त्यावरच्या व्हीएमना डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम १९२.१६८.१२२ या मालिकेतले पत्ते वाटतो, आणि बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर होस्ट स्वतःचा पत्ता घालतो. हे झालं नॅट. पूर्वी शिकायला मामाकडे राहिलेल्या मुलाची पत्रं 'द्वारा' लिहून मामाच्या नावावर यायची, तशातलाच प्रकार. राउटरच्या लेखी ते व्हीएम अस्तित्वातच नाही. मग लॅपटॉप ते शोधणार कुठे?

आपण स्वतः बनवतो त्या ब्रिजला बहुधा बीआर-झिरो म्हणतात. हा लिनक्सच्या कर्नलमध्ये चालणारा साधा स्विच. त्याच्या एका पोर्टवर खरं कार्ड, बाकीच्यांवर व्हीनेट-झिरो, व्हीनेट-वन अशी व्हीएमची टोकं. कोणत्या पोर्टमागे कोणता मॅक ॲड्रेस आहे हे तो शिकत जातो आणि फ्रेम जशीच्या तशी पुढे देतो. त्यामुळे 'ब्रिज केला की व्हीएम होस्टचाच आयपी वापरतं' हेही चूक. व्हीएमला स्वतःचा मॅक असतो, केव्हीएममध्ये सहसा ५२:५४:०० ने सुरू होणारा, आणि आयपी थेट घरच्या राउटरकडून मिळतो. राउटरच्या यादीत होस्ट आणि व्हीएम दोन वेगळी यंत्रं म्हणून दिसतात.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती आयपी कुठे ठेवायचा यावर. कार्ड ब्रिजला जोडलं तरी त्याचा पत्ता कार्डावरच राहील, असं धरून चालतात. कार्ड ब्रिजचं पोर्ट झालं की आलेली प्रत्येक फ्रेम ते ब्रिजच्या हवाली करतं. होस्टसाठी आलेली फ्रेमही बीआर-झिरोमार्गेच वर जाते. म्हणून होस्टचा पत्ता, गेटवे, डीएचसीपी हे सगळं बीआर-झिरोवर हलवायचं आणि कार्ड बिनपत्त्याचं ठेवायचं. हे काम एसएसएचवरून एकेक कमांड देत केलं, तर कार्ड जोडल्याबरोबर सेशन गोठतं आणि पुढची कमांड द्यायला रस्ताच उरत नाही. सगळे बदल एकदम लागू करावेत. समोर कीबोर्ड आणि पडदा असेल तर उत्तमच.

त्यात आणखी एक गंमत. नेटवर्कमॅनेजरनं बनवलेल्या ब्रिजवर लूप टाळणारं स्पॅनिंग ट्री आधीपासूनच चालू असतं. नवं पोर्ट १५ सेकंद नुसतं ऐकतं, पुढची १५ सेकंद शिकतं, मगच फ्रेम पुढे सोडतं. या अर्ध्या मिनिटात 'चालत नाही' म्हणत कित्येक जण नीट केलेलं काम उलटवतात. घरी एकच ब्रिज असेल आणि कुठे लूप होत नसेल, तर स्पॅनिंग ट्री बंद करावं.

'केबल काय, वायफाय काय, ब्रिजला फरक पडत नाही.' पडतो, आणि मोठा पडतो. ॲक्सेस पॉइंट फक्त आपल्याशी रीतसर जोडल्या गेलेल्या मॅकच्याच फ्रेम घेतो. नेहमीच्या वायफाय फ्रेममध्ये, 'पाठवतंय लॅपटॉप, पण मूळची आहे व्हीएमची' हे लिहायला जागाच नसते. चार पत्त्यांची फ्रेम असते, पण तिला दोन्ही टोकांचा पाठिंबा लागतो. म्हणून वायफाय कार्ड ब्रिजला जोडायला गेलं की लिनक्स सरळ नकार देतं. तुमची कमांड चुकलेली नसते. वायफायवरच्या लॅपटॉपवर नॅटच वापरावं.

ब्रिजऐवजी व्हीएम थेट कार्डाला जोडणारं मॅकव्हीटॅप सोपं म्हणून कोणी निवडतं, तर नेटवर्कवरची सगळी यंत्रं व्हीएमला भेटतात आणि नेमका होस्टच भेटत नाही. तो बिघाड नव्हे, मॅकव्हीटॅपची रचनाच तशी आहे.

आयपी फॉरवर्डिंग ब्रिजला लागत नाही. ते राउटिंगचं आणि नॅटचं काम. फायरवॉलचं मात्र तेवढं सरळ नाही. एरवी आयपीटेबल्सला ब्रिजवरून जाणारी फ्रेम दिसतच नाही, म्हणजे होस्टची फायरवॉल व्हीएमला राखत नाही. ती व्हीएमच्या आत हवी. पण बीआर-नेटफिल्टर हे मॉड्यूल चढलं की त्याच फ्रेम नियमांच्या तावडीत सापडतात. नेहमीचा संशयित डॉकर. तो हे मॉड्यूल चढवतो, फॉरवर्ड साखळीचं धोरण 'ड्रॉप' करतो आणि कालपर्यंत नीट चाललेली व्हीएम मुकी होतात. तेव्हा ब्रिज मोडून पुन्हा बांधण्यात अर्थ नाही; फॉरवर्ड साखळीत त्या ब्रिजपुरती वाट द्यायची.

आणि भाड्याच्या सर्व्हरवर ब्रिज करणार असाल, तर आधी कंपनीला विचारा. नोंद नसलेल्या मॅकची फ्रेम बऱ्याच ठिकाणी त्यांचा स्विचच टाकून देतो. तिथे वेगळा मॅक मागून घ्यावा लागतो, नाहीतर राउटिंगवर भागवावं लागतं.