परसातली कोंबडी आणि शहराची हद्द

परसात चार कोंबड्या पाळण्यास परवानगी लागते काय, असा प्रश्न खेड्यात कोणी विचारला तर लोक हसतील. परंतु वस्ती दाट झाली आणि आपल्या कुंपणास लागून दुसऱ्याची खिडकी आली, की हाच प्रश्न भांडणाचा विषय होतो. कोंबडी तीच असते. बदलतो तो शेजार. म्हणून यासंबंधीचे नियम समजून घ्यावयाचे असतील, तर जेथे खेड्याचे शहर होत आहे अशा ठिकाणी ते पाहणे उचित ठरेल.

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा हे असे एक ठिकाण होय. आनेकल तालुक्यातील या गावाभोवती औद्योगिक वसाहत उभी राहिली, मोठी रुग्णालये आली, ग्रामपंचायतीच्या जागी पुरसभा आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे शेवटचे स्थानकही येथे सुरू झाले. कर्नाटकात ग्रामपंचायतीचा कारभार १९९३ च्या कायद्याने चालतो आणि नगरपालिकांचा १९६४ च्या. म्हणजे गावाचा दर्जा बदलला, की खुराड्यातली कोंबडी जागची न हलता एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जाते.

कायदे निराळे असले तरी त्यांच्या मुळाशी कल्पना एकच आहे, ती उपद्रवाची. स्थानिक संस्थेने उपविधी करावेत आणि लोकांस होणारा उपद्रव दूर करावा, अशी ही व्यवस्था आहे. फौजदारी कायद्यातही तोच विचार आढळतो. पूर्वीच्या दंडविधानाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आसपास राहणाऱ्या लोकांस सामान्यतः इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य तिच्यात सार्वजनिक उपद्रव मानले आहे. त्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उपद्रव हटविण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात; मात्र ज्याच्याविरुद्ध आदेश निघेल त्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तात्पर्य, कोंबडी पाळणे हा अपराध नव्हे. ती शेजाऱ्यास जाच होईल अशा रीतीने पाळणे हा अपराध आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोकवस्तीपासून पाचशे मीटर दूर असण्याची अट पुष्कळांनी ऐकलेली असते. ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतील असून कुक्कुटपालनाच्या मोठ्या व्यवसायासाठी आहे. पाच हजारांहून अधिक पक्षी बाळगणाऱ्यास राज्य मंडळाची संमती घ्यावी लागते. परसातल्या पाच-सहा कोंबड्यांना तो दंडक लावणे म्हणजे घरच्या चुलीला कारखान्याचा परवाना मागण्यासारखे आहे.

आता उपद्रव नेमका कोणता, ते पाहू. पहिला आवाजाचा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागातील ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. कोंबडा घड्याळ पाहून आरवत नाही. परंतु कोंबडीला अंडे घालण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. तो लागतो पिल्ले हवी असल्यास. म्हणूनच न्यूयॉर्कसारख्या शहरात कोंबड्या पाळता येतात, पण कोंबडा पाळण्यास बंदी आहे. दुसरा उपद्रव घाणीचा. एक मोठी कोंबडी दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते. दहा कोंबड्यांची रोज एक किलो झाली. ती कोरड्या भुशात मुरवली तर उत्तम खत होते. ओली साचू दिली तर उग्र वास सुटतो आणि माशा होतात. शिवाय उघडे पडलेले दाणे उंदीर-घुशींना आमंत्रण देतात.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न रोगाचा. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तेव्हा पक्षी मारण्याची मोहीम मोठ्या शेडांपुरती थांबली नाही. आसपासच्या गावांतील घरगुती कोंबड्याही तीत गेल्या. बंगळुरूनेही हा अनुभव घेतला. २०१२ मध्ये शहराजवळच्या हेसरघट्टा येथील केंद्र सरकारच्या कुक्कुट संस्थेत आणि जानेवारी २०१८ मध्ये दासरहळ्ळी भागात हा रोग आढळला. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाचा संशय येताच खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे वेळेवर खबर देण्यातच मालकाचे हित आहे.

मग शहरात कोंबड्यांना सरसकट बंदी का घालू नये? याचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. एक तर, या चार कोंबड्या बहुधा घरातील स्त्रीच्या मालकीच्या असतात. मुलाच्या ताटातले अंडे आणि अडीनडीला हाती येणारे चार पैसे, दोन्ही त्यांतूनच येतात. महाराष्ट्रातील परसांत सुपरिचित झालेली गिरिराज ही जात बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातच, हेब्बाळ येथे, घरगुती पालनासाठी तयार झाली, हे येथे लक्षात घ्यावे. दुसरे असे, की बंदीने कोंबडी नाहीशी होत नाही, ती लपते. दंडाच्या भीतीने लपवलेली कोंबडी मानमोडीने वा बर्ड फ्लूने मेली, तर मालक ती गुपचूप नाल्यात टाकतो. रोगाची पहिली वार्ता तेथेच बुडते.

ब्रिटनने १९५० च्या कायद्यान्वये, भाडेपट्ट्यात मनाई असली तरी, व्यापाराखेरीज कोंबड्या पाळण्याची मुभा दिली. मात्र आरोग्यास बाध वा उपद्रव होता कामा नये, ही अट घातली. त्याच देशात, इंग्लंडमध्ये, १ ऑक्टोबर २०२४ पासून एक पक्षी असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे. मुभा आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी एकमेकींस पूरक आहेत.

बोम्मसंद्र्यासारख्या वाढत्या गावांनी हाच मार्ग धरावा. जागेच्या मानाने संख्या ठरवावी, कोंबडा वगळावा, खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर असावे, विष्ठा रोज उचलावी, दाणे झाकावेत, लस टोचून घ्यावी आणि पक्षी अचानक मेल्यास पशुवैद्यकास कळवावे. नोंदणी विनाशुल्क असावी, म्हणजे ती करण्यास कोणी कचरणार नाही. असे साधे नियम कन्नड, मराठी, तमिळ अशा शेजारच्या भाषांतही छापून घरोघर पोचवले, तर पुष्कळ तंटे कचेरीपर्यंत जाणारच नाहीत आणि गरिबाच्या घरातले अंडेही राहील.