दारात सर्व्हेवाला आला, तर काय बोलायचं?



आठवडी बाजारात किंवा दारात हा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "ताई, दोनच मिनिटं. साबण कोणता वापरता? घरात किती माणसं? मोबाइल नंबर सांगा." दारात आलेल्याला नाही म्हणणं आपल्याला जड जातं. म्हणून आज समजून घेऊ, उत्तर कोणाला द्यावं लागतं आणि कोणाला नाही.

जनगणनेला द्यावं लागतं. १९४८ च्या जनगणना कायद्याने ते बंधनकारक आहे. पण त्याच कायद्यात असंही लिहिलं आहे, की बाईवर नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही! आपण दिलेली माहिती प्रगणकाने गुप्त ठेवायची असते. आणि दारात आलेला प्रगणक ओटीपी मागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

साबणाच्या, बियाण्याच्या किंवा मोबाइलच्या कंपनीचा माणूस आला, तर उत्तर द्यायचं की नाही ही आपली मर्जी. द्यावंसं वाटलं तर द्या. नको असेल तर "दादा, मला नाही सांगायचं," एवढं पुरे. कारण द्यायची गरज नाही. त्या पोरांनाही दिवसाचे फॉर्म भरायचे असतात, म्हणून रागावू नका. पण भिडेला बळीही पडू नका. घरात कोण कधी असतं, दागिने किती, असं विचारायला लागला तर तिथेच थांबवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावातल्या बँक मित्राकडे आपण पैसे कसे काढतो? आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. म्हणजे सर्व्हेच्या नावाखाली कोणी या तीन गोष्टी घेतल्या, तर खातं रिकामं होऊ शकतं. भेटवस्तू मिळते म्हणून कोणाच्याही मशीनवर अंगठा ठेवू नका. आधारची झेरॉक्स देऊ नका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. त्याची माहिती १९४७ या नंबरवर मिळते.

गटाच्या अध्यक्ष-सचिवांना एक विनंती. "गटातल्या सगळ्या बायकांची नावं, नंबर द्या," असं कोणी म्हणालं, तर रजिस्टर पुढे करू नका. त्यातली माहिती दहा जणींची आहे, एकटीची नाही. "पत्र ठेवून जा, बैठकीत वाचू, ठरलं तर कळवू," असं सांगा. खरा माणूस पत्र देईल. खोटा पुन्हा फिरकणार नाही.

फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. घरी एकट्या असणाऱ्या सासूबाईंना आणि नव्या सुनेलाही सांगा.