साचा बदलण्याचा खर्च : परिव्ययांकनातील दोन दृष्टी

कारखान्याच्या हिशेबात ज्याला ‘वरकड खर्च’ म्हणतात, त्याचे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. वरकड म्हणजे मुख्य गोष्टीखेरीज उरलेले, दुय्यम. कच्चा माल आणि कारागिराची मजुरी हाच खर्चाचा मोठा भाग होता, तोवर हे नाव शोभत होते. देखभाल, तपासणी, साठवण, साचे बदलणे इत्यादींचा खर्च मजुरीच्या तासांच्या प्रमाणात सर्व मालावर वाटून टाकला, तरी फारसे बिघडत नसे. पुढे यंत्रे वाढली, मजुरीचा वाटा आटला आणि वरकड खर्चच अनेक ठिकाणी मुख्य होऊन बसला. वाटणीची रीत मात्र तीच राहिली.

या रीतीतील दोष एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कारखान्यात वर्षाला ‘अ’ या सुट्या भागाचे ९,००० व ‘ब’ या भागाचे १,००० नग तयार होतात. प्रत्येक नगास मजुरीचा एकच तास लागतो. साचे बदलण्याचा वार्षिक खर्च ५,००,००० रुपये आहे. जुन्या रीतीने दर नगावर ५० रुपये पडतात. परंतु ‘अ’साठी वर्षातून १० वेळा आणि ‘ब’साठी ४० वेळा साचा बदलावा लागत असेल, तर खर्च घडतो तो साचाबदलामुळे, मजुरीच्या तासामुळे नव्हे. दर बदलास १०,००० रुपये धरले, की ‘अ’च्या नगावर सुमारे ११ रुपये आणि ‘ब’च्या नगावर ४०० रुपये येतात. खर्चाचा असा माग काढण्याच्या पद्धतीस ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग, म्हणजेच कृतिनिष्ठ परिव्ययांकन, म्हणतात.

अमेरिकेतील जॉन डीअर कंपनीच्या सुटे भाग करणाऱ्या विभागास १९८०नंतरच्या दशकात नेमका हाच अनुभव आला. बाहेरच्या पुरवठादारांशी दरांची स्पर्धा सुरू होताच मोठ्या संख्येच्या भागांची कामे हातची जाऊ लागली. मिळू लागली ती थोड्या संख्येच्या, कटकटीच्या भागांची. हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन यांनी या प्रकरणाचा अभ्यास मांडला, आणि कॅप्लन व रॉबिन कूपर यांच्या लेखनातून ही पद्धती सर्वत्र पोहोचली.

आता दुसरी दृष्टी. ‘लीन’ या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात नम्रतेचा भाव उभा राहतो. पण जॉन क्राफसिक यांनी १९८८मध्ये टोयोटाच्या पद्धतीस हे विशेषण लावले, ते चरबी नसलेले या अर्थाने. ‘निर्मेद उत्पादन’ हा प्रतिशब्द त्यास अधिक जवळचा. टोयोटात १९६९च्या सुमारास एक हजार टनी दाबयंत्राचा साचा बदलण्यास चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी तो वेळ प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. यंत्र थांबवूनच करावयाची कामे कोणती आणि यंत्र चालू असताना आधीच उरकता येणारी कोणती, हे वेगळे करणे ही त्यातील मुख्य युक्ती.

दोन्ही दृष्टींतील भेद येथे उघड होतो. परिव्ययांकन सांगते की एक साचाबदल १०,००० रुपयांस पडतो. यावरून व्यवस्थापक सहज असा निष्कर्ष काढतो की साचा कमी वेळा बदलावा, एका वेळी अधिक माल काढावा. शिंगो विचारतात, चार तास लागतातच का? पहिल्या वाटेने साठा वाढतो, दुसरीने घटतो.

आणि साठा घटला की हिशेब उलटतो. समजा, वार्षिक स्थिर खर्च १० लाख रुपये आहे. १०,००० नग काढून ८,००० विकले, तर खर्चातील २ लाख रुपये शिल्लक मालासोबत ताळेबंदात मालमत्ता म्हणून जाऊन बसतात. नफ्यातून वजा होतात ८ लाखच. पुढील वर्षी व्यवस्थापकाने शहाणपणाने ६,००० नग काढून, जुने २,००० मिळवून, पुन्हा ८,०००च विकले, तर त्या वर्षाचे १० आणि मागील २ असे १२ लाख वजा होतात. विक्री तेवढीच, कारभार सुधारलेला, आणि नफा ४ लाखांनी कमी! ज्याची बढती वार्षिक नफ्यावर ठरते, त्याने असा शहाणपणा का करावा? खर्च कृतींवर वाटल्यानेही हा दोष आपोआप जात नाही.

टॉमस जॉन्सन यांचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. १९८७मध्ये कॅप्लन यांच्यासह ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ हा जुन्या हिशेबपद्धतीवर टीका करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. पण १९९२पर्यंत ते कृतिनिष्ठ परिव्ययांकनाचेच टीकाकार झाले होते. हिशेबाचे आकडे हाती धरून काम चालविणे हीच चूक, असे त्यांचे म्हणणे पडले. हे मत टोकाचे वाटते. किमती ठरविताना ‘अ’ आणि ‘ब’ यांतील भेद कळावाच लागतो. कॅप्लन यांनी मात्र दुरुस्तीची वाट धरली. २००४मध्ये स्टीव्हन अँडरसन यांच्यासह त्यांनी मांडलेल्या कालनिष्ठ पद्धतीत प्रत्येक कृतीस लागणारी मिनिटे मोजतात आणि न वापरलेली क्षमता वेगळी दाखवितात. चार तासांचे काम तीन मिनिटांत झाले, तरी साचा बदलणाऱ्यांचे पगार चालूच राहतात; ही मोकळी झालेली मिनिटे निदान या पद्धतीत दिसतात. त्यांचा उपयोग अधिक वेळा साचा बदलण्यासाठी करावयाचा की माणसे कमी करण्यासाठी, हे कोष्टकात लिहिलेले नसते.