मुक्कामाचे दिवस मोजणारा कायदा

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी औंधच्या राजांचे चिरंजीव, बॅरिस्टर अप्पासाहेब पंत, भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले कमिशनर म्हणून नैरोबीत रुजू झाले. नागरिकत्वाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा असतो हे त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल, कारण त्याची सुरुवात त्यांच्या घरापासूनच होत होती. संस्थानी प्रजा ही ब्रिटिश प्रजा नव्हती, कायद्याच्या दृष्टीने ती ‘ब्रिटिश संरक्षित’ होती. सातारा शहरातला एक कारकून आणि औंधचा दुसरा एकाच बोटीने मोंबासाला उतरले, तरी कागदोपत्री त्यांचं नागरिकत्व वेगळं.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. परदेशी राहणाऱ्या हिंदी माणसांसाठी तिच्या आठव्या कलमात मोकळी वाट ठेवली होती. स्वतः, आईवडिलांपैकी कुणी किंवा आजी-आजोबांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेलं असावं आणि राहत्या देशातल्या भारतीय वकिलातीकडे नाव नोंदवावं. भारतात किती दिवस काढले, हे कुणी विचारत नव्हतं. तरीही पूर्व आफ्रिकेतल्या अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच जवळ ठेवला. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि ज्यांना आपोआप नागरिकत्व मिळत नव्हतं अशा रहिवाशांना अर्जासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. तीही पुष्कळांनी ‘बघू पुढे’ म्हणत घालवली. मग १९६८ साली ब्रिटनने कायदा बदलला. ब्रिटिश पासपोर्ट असूनही ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले नव्हते त्यांना दार बंद झालं, आणि वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरते परवाने ठेवले गेले. अप्पासाहेब १९६९ ते १९७२ या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं ब्रिटनमध्ये आली.

तेव्हाचा घोळ पासपोर्ट कुणाचा याचा होता. आजचा घोळ दिवसांचा आहे. औंध, पुसेसावळी, आटपाडी, कुंडल या जुन्या संस्थानी गावांतली मुलं आता न्यू जर्सीत, टोरंटोत, मेलबर्नमध्ये आहेत. आपल्या भागाला बाहेर पडणं नवं नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या सोनं गाळायला देशभर पांगलेले आहेत. पण कोइमतूरला दुकान थाटलेला माणूस गावी चार महिने राहिला तर सरकार त्याला काही विचारत नाही. अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्याला तिथलं सरकार विचारतं.

गैरसमज इथेच सुरू होतो. ‘कार्ड मिळून पाच वर्षं झाली की झालं’ असं घरोघरी म्हटलं जातं. अमेरिकेत देशीयकरणाने नागरिक व्हायचं तर पाच वर्षांचा मुक्काम लागतो हे खरं (अमेरिकन नागरिकाशी लग्न होऊन दोघं एकत्र राहत असतील तर तीन), पण त्यात दोन वेगवेगळे हिशेब आहेत. पहिला हिशेब एकूण दिवसांचा. पाच वर्षांपैकी निदान तीस महिने, म्हणजे अर्धा काळ, देह अमेरिकेच्या भूमीवर हवा. दुसरा आहे सलगतेचा, आणि माणसं अडकतात ती इथे. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलगता तुटली असं गृहीत धरलं जातं. नोकरी सोडली नव्हती, घर तिथंच होतं, बायकामुलं तिथंच होती, कर भरला होता, असे पुरावे देऊन ते गृहीतक खोडता येतं. वर्ष उलटलं की मात्र खोडायला जागा राहत नाही. घड्याळ थांबतं आणि परतल्यापासून किमान चार वर्षं आणि एक दिवस पुन्हा थांबावं लागतं.

समजा, पुसेसावळीचा एक अभियंता वडिलांच्या पक्षाघातामुळे गावी आला आणि चौदा महिने राहिला. निघण्यापूर्वी त्याने रीतसर पुनर्प्रवेशाचा परवाना काढला होता. दोन वर्षांपर्यंत चालणारा हा परवाना हातात असला की माणूस निर्धास्त होतो. पण त्याने कार्ड वाचतं, मोजणी वाचत नाही. मोजणी वाचवायची तर एन-४७० नावाचा वेगळा अर्ज असतो. तो अमेरिकी सरकार, विशिष्ट अमेरिकी कंपन्या, संशोधन संस्था यांच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्यांपुरता, आणि त्याआधी वर्षभर अमेरिकेत सलग राहिलेलं असावं लागतं. आजारी वडील त्या यादीत नाहीत. मला हा नियम क्रूर वाटत नाही, कोरडा वाटतो. मुक्काम कुठे होता एवढंच तो विचारतो, का होता हे क्वचितच.

कॅनडाची पद्धत त्या मानाने सरळ. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस, बस्स. एका खेपेला किती काळ बाहेर होतात याला इथे वेगळी मर्यादा नाही. कायम रहिवासी होण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला दिवस अर्धा धरतात, असे जास्तीत जास्त ३६५. ऑस्ट्रेलियात चार वर्षांत एकूण बारा महिन्यांपेक्षा आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही.

ब्रिटनमध्ये पाच वर्षांत ४५० दिवस आणि शेवटच्या वर्षात ९० ही मर्यादा आहे, पण तिथली आणखी एक अट फार मासलेवाईक. अर्ज पोचतो त्या तारखेपासून बरोबर पाच वर्षं मागे मोजायची, त्या दिवशी तुम्ही ब्रिटनमध्ये असायला हवेत. नेमके त्याच दिवशी तुम्ही पौषातल्या यात्रेला औंधच्या यमाईच्या डोंगरावर होता, तर बाकी सगळा हिशेब चोख असूनही अर्ज अडू शकतो. उपाय साधा आहे, चार दिवस थांबून अर्ज करायचा. पण तो आधी सुचावा लागतो.

म्हणून अशा घरांत एक वही असते, हल्ली एक्सेलचा तक्ता. रबरबँड लावलेले जुने पासपोर्ट, मुंबई विमानतळाचे पुसट शिक्के, विमानाच्या तिकिटांचे ईमेल. अमेरिकेच्या अर्जात पाच वर्षांतला चोवीस तासांपेक्षा मोठा प्रत्येक परदेश-प्रवास तारखेनिशी लिहावा लागतो. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस अमेरिकेतच धरतात, हा बारीकसा दिलासा. आणि मग फोनवर ऐकू येतं, “आई, दिवाळीला नाही गं जमणार, दिवस कमी पडतायत. मार्चनंतर बघू.” गुडघ्याची शस्त्रक्रियाही मग मार्चनंतरच ठरते. प्राप्तिकर खात्याचे १८२ दिवस हे वेगळंच प्रकरण आहे. ते अनिवासी ठरण्यापुरते, नागरिकत्वाशी त्यांचा काही संबंध नाही. एकाच तक्त्यात दोन्ही भरून घोळ घालणारी हुशार माणसं पुष्कळ.

परदेशी नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. उरतं ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. त्यावर आजन्म येता-जाता येतं, मत देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वाटा वारसाने येतो ही गोष्ट वेगळी. खटाव-माणच्या माणसाला मतापेक्षा सातबाऱ्याचंच जास्त लागतं.

आपला कायदाही दिवस मोजण्यात मागे नाही. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची आठवण इथे येते. तो औंधला आला, संस्थानाच्या १९३९ च्या राज्यघटनेच्या आखणीत राबला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या कैद्यांच्या खुल्या वसाहतीत रमला, आणि १९७६ साली मुंबईत वारला. असा माणूस आज आला तर त्याला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची तिसरी अनुसूची लागू होईल: अर्जाआधीचे बारा महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी सुनेला सात वर्षं लागतात. शेवटचं वर्ष सलग, बाकीची सहा त्याआधीच्या आठांत.

ओसीआय कार्डधारकाला परतायचं असेल तर कार्ड मिळून पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेलं असावं. निवृत्त होऊन औंधला घर बांधणाऱ्यांना हे सोपं वाटतं, तोवर टोरंटोत लेकीचं बाळंतपण येतं. २०१५ च्या दुरुस्तीने या वर्षात विशेष कारणासाठी, तुकड्यातुकड्याने मिळून जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देता येते, तीही कारण लेखी नोंदवून. बाळंतपणाला आई तीन महिने जाते. मग वर्ष पुन्हा पहिल्यापासून. अर्ज ऑनलाइन भरला तरी कागद जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातात: औंध-पुसेसावळीच्या माणसाचे साताऱ्याला, आटपाडी-कुंडलच्या माणसाचे सांगलीला.