बहुविध शक्तिविवर्धक परिपथातील स्विचिंगचे सुलभीकरण : ग्रामीण मोबाईलधारकाच्या संदर्भात

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात सोयाबीन, तूर व कापूस यांची शेती आहे आणि शेतशिवारातून मोबाईलवर बोलणे ही आता नित्याची बाब झाली आहे. टॉवर दूर असला की बॅटरी लवकर उतरते, हाही सर्वांचा अनुभव आहे. त्याचे मोठे कारण हँडसेटमधील पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजेच शक्तिविवर्धक, होय. प्रस्तुत लेखात या विवर्धकातील स्विचिंग सोपे करण्यामागील विचार मांडला आहे. या सुलभीकरणाचा अधिक लाभ टॉवरपासून दूर राहणाऱ्यास होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ अडचण :
हँडसेट नेहमी सारख्याच शक्तीने प्रक्षेपण करीत नाही. ३ जी पद्धतीत टॉवर त्यास सेकंदाला १५०० वेळा 'शक्ती वाढव' किंवा 'कमी कर' असा आदेश देतो. विवर्धकाची रचना मात्र कमाल शक्तीसाठी करावी लागते. ३.४ व्होल्ट विद्युत्‌दाबावर ०.६ वॅट शक्ती मिळविण्यासाठी ट्रान्झिस्टरला सुमारे १० ओहमचा भार लागतो. ४० मिलीवॅटसाठी तोच भार सुमारे १४५ ओहम असावा लागतो. म्हणजे १० ओहमवर बसविलेला विवर्धक ४० मिलीवॅट देत असता उपलब्ध दाबाचा अल्प भागच वापरतो आणि बायस प्रवाह फुकट जातो.

यावर सरळ उपाय म्हणजे मोठ्या व लहान ट्रान्झिस्टरचे दोन मार्ग करून त्यांतून स्विचने निवड करणे. परंतु निर्गम बाजूच्या स्विचमधून संपूर्ण शक्ती जाते. तेथे ०.५ डेसिबल ऱ्हास धरला, तर सुमारे ११ टक्के शक्ती उष्णतेत जाते. स्विचच्या पलीकडे ०.६ वॅट हवे असतील तर विवर्धकाने ०.६७ वॅट दिले पाहिजेत. ४० टक्के कार्यक्षमता गृहीत धरल्यास बॅटरीवरील भार १.५ वॅटवरून जवळपास १.७ वॅटवर जातो. शिवाय बंद स्थितीत या स्विचला मोठा दाब सोसावा लागतो व त्यातून हार्मोनिक निर्माण होतात, ते वेगळेच.

येथेच शहर आणि खेडे यांतील फरक पुढे येतो. हँडसेट कोणत्या शक्तीवर किती काळ असतो, याचे शहरी व उपनगरी भागांसाठीचे आलेख अभियंत्यांनी दीर्घकाळ आधारभूत मानले. त्यांनुसार बहुतेक काळ प्रक्षेपण अल्पशक्तीवर होते. म्हणून अल्पशक्तीवरील बचतीसाठी उच्चशक्तीच्या मार्गातला थोडा ऱ्हास सोसणे हिशेबी ठरते. कव्हरेजच्या कडेला बसून बोलणारा शेतकरी मात्र त्या आलेखाच्या दुसऱ्या टोकाला असतो. बचत त्याच्या वाट्याला क्वचितच येते, ऱ्हास मात्र प्रत्येक संभाषणात येतो.

स्विचविरहित रचना :
गॅलियम आर्सेनाइडच्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा बायस काढून घेतला की तो जवळजवळ लहान धारित्रासारखा वागतो. हे धारित्र जुळवणी परिपथातच सामावून घेता येते. लहान ट्रान्झिस्टर स्वतःच्या संरोध-परिवर्तक जाळ्यातून त्याच निर्गमास जोडावा. मोठा चालू असताना लहानाची शाखा उच्च संरोध दाखवील, अशी त्या जाळ्याची मूल्ये ठरवावीत. मग निवडीसाठी बायसचा नियंत्रक दाब बदलणे पुरेसे होते आणि प्रक्षेपणाच्या वाटेत स्विच उरत नाही. एखादा स्विच ठेवायचाच असेल तर तो प्रवेश बाजूस ठेवावा. तेथे शक्ती अल्प असल्याने ऱ्हासाची झळ फारशी लागत नाही.

हे सोपेपण फुकट मिळत नाही. एकच जाळे दोन्ही स्थितींना पूर्णतः अनुकूल करता येत नाही, म्हणून तडजोड अटळ असते. बंद शाखेतून निर्गमाचा अंश प्रवेशाकडे परतल्यास विवर्धक आंदोलक बनण्याचा धोका असतो. स्थिती बदलताना लाभांक व कला यांत उडी येते, ती मोडेमने भरून काढावी लागते. अशी उडी पुनःपुन्हा येऊ नये म्हणून चढण्याची व उतरण्याची मर्यादा वेगळी ठेवतात. उदाहरणार्थ ४० मिलीवॅटला उच्च स्थितीत जाणे, पण २५ मिलीवॅटच्या खाली आल्यावरच परतणे.

एक स्विच मात्र सहजी जात नाही. २ जी पद्धतीत प्रक्षेपण व ग्रहण वेगवेगळ्या वेळी होते, तर ३ जी व ४ जीच्या ज्या पट्ट्यांत दोन्ही एकाच वेळी वेगळ्या कंप्रतांवर चालते, तेथे डुप्लेक्सर आवश्यक असतो. शिवाय ९०० मेगाहर्ट्झवर २ जी हँडसेटची सर्वसाधारण कमाल शक्ती २ वॅट आहे आणि ४ जीची ०.२ वॅट. एकच विवर्धक दोन्हींसाठी वापरला, तरी त्यानंतर संदेश कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवावेच लागते. २०१६ मध्ये जिओने केवळ ४ जीवर सेवा सुरू केली; त्या जाळ्यापुरत्या हँडसेटला या स्विचची गरज नव्हती. परंतु देशात २ जी सेवा अद्याप चालू असल्याने सर्व जाळ्यांवर चालणाऱ्या हँडसेटमध्ये तो ठेवावा लागतो.